बेने इस्रायली व्यक्तिनामांतील रूपभेद

कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजात एकाच व्यक्तीचे नाव निरनिराळ्या कागदपत्रांत निरनिराळ्या रूपांत आढळते. मूळ हिब्रू नावे येथे मराठी वळणाने रुळली. शमुएलचा सामाजी, अब्राहामचा आबाजी, बेंजामिनचा बुनाजी आणि यहेज्केलचा हसाजी झाला. सामाजी व शमुएल यांचे नाते कानाला तरी जाणवते. हसाजीवरून यहेज्केल ओळखणे माहीतगारालाच साधते.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांतील शिक्षण व धर्मग्रंथांचा परिचय वाढला, तशी मूळ नावे पुन्हा प्रचारात आली, तीही पुष्कळदा इंग्रजी उच्चारांनी. परिणामी एका कागदावरील सामाजी आणि दुसऱ्यावरील सॅम्युअल हे दोन भाऊ समजले जाण्याचा, किंवा आजोबा व नातू एकच मानले जाण्याचा धोका असतो. असा एक चुकीचा दुवा पुढील सर्व पिढ्या बिघडवतो.

आडनावाचाही आधार अपुरा पडतो. पनवेलकर, पेणकर, केहिमकर ही आडनावे गावांवरून पडलेली असल्याने ती मूळ गाव सांगतात, घराणे नव्हे. पनवेलच्या बेथ एल सिनेगॉगची स्थापना १८४९ मध्ये झाली. धार्मिक विधींत हिब्रू नावाला वडिलांचे नाव जोडतात. म्हणून विवाहपत्र (कतुबा) वा थडग्यावरील हिब्रू लेख उपलब्ध असल्यास तो व्यवहारातील नावाशी ताडून पाहणे अधिक भरवशाचे ठरते.