लाट सर्वांना सारखी, तडाखा मात्र वेगळा

"अमेरिकेत व्याजदरांची चर्चा झाली, तर आमच्या इथल्या बचतीला त्याची झळ का लागावी?" असा प्रश्न अनेक ग्राहक शाखेत येऊन विचारतात. प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर समजून घ्यायचे असेल, तर २०१३ सालच्या घटनाक्रमाकडे पुन्हा एकदा वळून पाहणे उद्बोधक ठरेल.

२००८ च्या जागतिक अरिष्टानंतर अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजेच फेडरल रिझर्व्ह, अर्थव्यवस्थेला उभारी देण्यासाठी बाजारातून रोखे विकत घेत होती. २०१३ साली ही खरेदी दरमहा ८५ अब्ज डॉलर इतकी होती. त्यामुळे तेथील व्याजदर अत्यल्प राहिले आणि अधिक परताव्याच्या शोधात निघालेला पैसा भारतासारख्या उदयोन्मुख देशांकडे वळला. २२ मे २०१३ रोजी फेडरल रिझर्व्हचे तत्कालीन अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे, येत्या काही बैठकांत ही खरेदी कमी होऊ शकेल, असे सूचित केले. प्रत्यक्षात खरेदी एका डॉलरनेही घटली नव्हती. तरीही अमेरिकी सरकारच्या दहा वर्षे मुदतीच्या रोख्यांवरील परतावा सुमारे २ टक्क्यांवरून सप्टेंबरच्या आरंभी ३ टक्क्यांच्या जवळ गेला. घरच्या घरी बरा परतावा मिळू लागल्यावर परदेशी गेलेला पैसा माघारी फिरू लागला.

रुपयाची परीक्षा

मे महिन्यात एका डॉलरसाठी सुमारे ५५ रुपये मोजावे लागत होते. २८ ऑगस्ट रोजी हा दर ६८ रुपयांच्या पलीकडे गेला. या आकड्यांचा अर्थ घराघरांत वेगवेगळा होता. समजा, एखाद्या कुटुंबाला मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी २० हजार डॉलर शुल्क भरावयाचे होते. मे महिन्यात त्यासाठी ११ लाख रुपये पुरेसे होते. ऑगस्टअखेर तीच रक्कम १३ लाख ६० हजारांवर गेली. शुल्क वाढले नव्हते, विद्यापीठ बदलले नव्हते. केवळ तीन महिने उलटले होते.

लाट सर्वच उदयोन्मुख देशांवर आली; परंतु ब्राझील, भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका व तुर्कस्तान या पाच देशांना तिचा तडाखा विशेष बसला. याचे कारण दूरच्या वॉशिंग्टनमध्ये जितके होते, तितकेच आपल्या जमाखर्चातही होते. २०१२-१३ या वर्षात भारताच्या चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के, म्हणजे सुमारे ८८ अब्ज डॉलरवर पोहोचली होती. खनिज तेल व सोने यांच्या आयातीचा भार मोठा होता आणि ही तूट बाहेरून येणाऱ्या पैशावर भागत होती. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपल्याकडची जुनी शिकवण राष्ट्रांनाही लागू पडते.

उपाय आणि परिणाम

रिझर्व्ह बँकेने १५ जुलै रोजी बँकांना दिल्या जाणाऱ्या तातडीच्या कर्जाचा दर ८.२५ टक्क्यांवरून १०.२५ टक्क्यांवर नेला. सरकारने सोन्यावरील आयात शुल्क त्या वर्षात टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत वाढवले. ४ सप्टेंबर रोजी गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेताना डॉ. रघुराम राजन यांनी अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातील ठेवींसाठी बँकांना सवलतीची योजना जाहीर केली. या ठेवींतून सुमारे २६ अब्ज डॉलर देशात आले.

या काळात कर्जरोख्यांच्या म्युच्युअल फंडात पैसे ठेवणारे अनेकजण चकित झाले. 'सुरक्षित' मानलेल्या सरकारी रोख्यांच्या योजनांचे मूल्य का घसरले, हे त्यांना उमगेना. यामागील गणित सरळ आहे. समजा, आपल्याकडे १०० रुपयांचा, ८ टक्के व्याजाचा, दहा वर्षे मुदतीचा रोखा आहे. बाजारात तशाच नव्या रोख्यावर ९ टक्के मिळू लागले, तर आपल्या रोख्याला सुमारे ९४ रुपयांपेक्षा अधिक भाव कोणी देणार नाही. मुदत पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्यास १०० रुपये मिळतीलच. तोटा होतो तो मध्येच विकावे लागणाऱ्याचा.

शेअर बाजारातही हेच दिसले. ऑगस्टमध्ये १८ हजारांखाली उतरलेला सेन्सेक्स डिसेंबरअखेर २१ हजारांच्या वर होता. भीतीपोटी विकणाऱ्यांना ही भरपाई मिळाली नाही.

दुसऱ्या वेळची लाट

या कथेचा शेवट अधिक बोलका आहे. ज्या कपातीच्या नुसत्या चाहुलीने एवढी पडझड झाली, ती कपात प्रत्यक्षात जानेवारी २०१४ पासून सुरू झाली. तेव्हा रुपया ६२ च्या आसपास बव्हंशी स्थिर राहिला. दरम्यान आपली तूट आटोक्यात येत होती. २०१३-१४ या वर्षात ती १.७ टक्क्यांवर आली. लाट तीच होती. नौका मात्र सावरलेली होती.

सुज्ञ गुंतवणूकदाराने यातून घ्यावयाचा बोध हाच. जागतिक प्रवाह आपल्या हाती नाहीत आणि त्यांचा अचूक अंदाज भल्याभल्यांनाही येत नाही. आपल्या हाती आहे ती आपली सिद्धता. वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा बाजाराच्या चढउतारावर सोडू नये. तो मुदत ठेवीत असावा. परदेशी शिक्षणाचा खर्च ठरलेला असेल, तर त्याच्या तरतुदीत रुपयाच्या घसरणीसाठी वाव ठेवावा. रोख्यांच्या योजनेत पैसे गुंतवण्यापूर्वी तिची मुदत आणि आपली गरज यांचा मेळ बसतो का, हे शाखेतील अधिकाऱ्यांना अवश्य विचारावे. हा प्रश्न बाजार शांत असताना विचारलेला बरा. वादळात उत्तर मिळाले तरी ते अमलात आणण्यास अवधी उरत नाही.