ट्रॉलीच्या पाठीचा दिवा

दिवाळीच्या आगेमागे उसाचा हंगाम सुरू होतो आणि औसा, लामजना, किल्लारी, उमरगा या रस्त्यावर अंधार पडल्यावर एक नवेच संकट उभे राहते. पुढे ट्रॅक्टर, त्याला जोडलेली उसाची ट्रॉली आणि कित्येकदा तिच्या मागे आणखी एक ट्रॉली. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे लख्ख असतात, टेप मोठ्याने वाजत असतो. पण मागून येणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो फक्त काळोख, आणि त्या काळोखातच पाचटासह लोंबणारा ऊस असतो.

या काळोखावर जाऊन आदळतो कोण? मोटारवाले थोडे. आदळतो तो रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर घरी निघालेला कामगार, बायको आणि लेकराला मागे बसवून सासुरवाडीहून परतणारा मजूर, भाजीची पाटी घेऊन पहाटे बाजार गाठणारा आपलाच कोणी भाऊ. ट्रॉलीतल्या उसावर झोपलेली ऊसतोड मजुरांची कुटुंबेही तितक्याच धोक्यात असतात. म्हणून हा विषय केवळ मिस्त्रीचा नाही, घराघराचा आहे, असे आम्ही मानतो.

किल्लारी परिसरात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने येथील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. पुढे गावांचे पुनर्वसन नव्या जागी झाले. घरे नव्या गावठाणात आली, पण शेते होती तिथेच राहिली. अनेक गावांत शेताची वाट लांबली. पूर्वी पायवाटेने होणारी ये-जा आता डांबरी रस्त्याने, ट्रॅक्टर-ट्रॉलीने होऊ लागली. संध्याकाळी वैरण, खत, धान्य आणि माणसे घेऊन परतणाऱ्या ट्रॉल्या याच रस्त्यावर असतात.

हिशेब सेकंदांचा आहे

ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. समोर काही आहे हे डोळ्यांनी टिपून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. एवढ्यातच गाडी पंचवीस मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. मोटारसायकलच्या खाली केलेल्या दिव्यात मातीने माखलेली ट्रॉली जेमतेम तीस-चाळीस मीटरवर दिसते. म्हणजे दिसते तेव्हा वेळ संपलेली असते. समोरून ट्रकचा झोत डोळ्यांवर आला तर तेवढेही दिसत नाही.

कायद्याने हा विचार केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ६० च्या वेगाने १५५ मीटर कापायला नऊ सेकंद लागतात. नऊ सेकंदांत माणूस वेग कमी करतो, बाजू घेतो, जिवंत घरी पोचतो. त्या लाल दिव्याची किंमत ही आहे.

दिवे जातात कुठे?

ट्रॉलीवाल्याला विचारले तर तो म्हणतो, "दिवे लावले होते, टिकत नाहीत." यात तथ्य आहे. ऊस भरताना मोळ्यांचा मार बसून काच फुटते. कारखान्याच्या गव्हाणीवर ट्रॉली रिकामी करताना साखळीत वायर अडकून तुटते. खड्ड्यांच्या दणक्याने बल्बची तार जाते. आणि दिवा शाबूत असला तरी बाहेर आलेला ऊस त्याला झाकून टाकतो.

यावर साधा उपाय आहे. दिवे ट्रॉलीच्या अंगावर कायमचे न ठोकता एका फळीवर किंवा लोखंडी पट्टीवर बसवावेत. दोन्ही टोकांना लाल दिवे व इंडिकेटर आणि त्यांच्याजवळ लाल रिफ्लेक्टर असावेत. ऊस भरून झाला की ही पट्टी सर्वांत शेवटी, उसाच्याही मागे, घट्ट बांधावी. कारखान्यात पोचल्यावर प्लग काढून पट्टी ट्रॅक्टरवर ठेवावी. दोन ट्रॉल्या असतील तर पट्टी शेवटच्या ट्रॉलीला हवी. पुढच्या ट्रॉलीचा दिवा मागच्या उसाआड झाकला जातो.

वायर जोडताना

पुष्कळ ट्रॅक्टरांना मागे सात टोकांचे सॉकेट असते. प्रचलित प्रमाणाप्रमाणे त्यात १ क्रमांकाचे टोक डाव्या इंडिकेटरचे, ४ उजव्या इंडिकेटरचे, ३ अर्थचे, ५ आणि ७ मागच्या दिव्यांचे व ६ ब्रेक लाइटचे असते. तरीही आकड्यावर विसंबू नये. आधीच्या मिस्त्रीने वायरींची अदलाबदल केलेली असू शकते. एका बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प करावा आणि एकेक टोक तपासून घ्यावे.

सर्वांत जास्त घोटाळा अर्थचा होतो. अनेक ठिकाणी अर्थची वायर टाकतच नाहीत, हुक आणि पिनेच्या लोखंडातून करंट परत जाईल असे धरून चालतात. पण हुकाला गंज असतो, ग्रीस असते, आणि चालताना पिन सतत हलते. मग दिवा कधी लागतो, कधी विझतो. ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतो, एका बाजूचा इंडिकेटर लावला की भलताच दिवा लुकलुकतो. असे दिसले की बल्ब बदलत बसू नये, आधी अर्थ पाहावा. ट्रॅक्टरपासून शेवटच्या दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र वायर न्यावी, ती इतरांपेक्षा जाड असावी. जिथे ती लोखंडाला कसायची तिथला रंग व गंज खरवडून वॉशरसह नट घट्ट करावा.

फ्यूज टाळू नये. ५ वॅटचे चार टेल लाइट १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आत घेतात. पण २१ वॅटचे चार ब्रेक लाइट एकदम लागले की सात अँपिअर लागतात. म्हणून ब्रेक लाइटच्या वायरीला वेगळा १० अँपिअरचा फ्यूज असावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली की वायर तापून जळते आणि उसाच्या वाळल्या पाचटाला ठिणगी पुरते. जादा इंडिकेटर जोडल्यावर ते फारच भरभर लुकलुकू लागले तर फ्लॅशर तेवढ्या बल्बांसाठी नाही असे समजावे आणि तो बदलावा. एलईडी दिवे करंट कमी घेतात व दणका अधिक सोसतात, मात्र घेताना ते १२ व्होल्टचे आहेत ना हे वाचून घ्यावे. ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब ट्रॅक्टरला लावला तर तो मिणमिणतो.

वायर पाइपातून न्यावी आणि दर हातभर अंतरावर बांधावी. हुकाजवळ तिला एवढा झोल ठेवावा की वळणावर ती ताणणार नाही, पण रस्त्यालाही घासणार नाही.

गाडी टोचन करून नेताना

बंद पडलेली जीप किंवा टेम्पो दोरीने ओढून नेण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येतो. चारही चाके जमिनीवर, पुढे ट्रॅक्टर, मागे स्टिअरिंगवर एक माणूस. अशा वेळी पुढच्या गाडीचे मागचे दिवे ओढल्या जाणाऱ्या गाडीआड लपतात. म्हणून मागच्या गाडीची पाठ उजळलेली असणे हाच खरा बंदोबस्त.

तिची बॅटरी जिवंत असेल तर साइड लाइट लावावेत. किल्ली चालू ठेवावी, म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही. इंजिन बंद असल्याने ब्रेक जड लागतो हे मागे बसणाऱ्याने ध्यानात ठेवावे. बॅटरी मेलेली असेल तर वर सांगितलेली दिव्यांची पट्टीच मागे बांधून तिची वायर पुढच्या गाडीला जोडावी. घाईत कोणी पुढच्या गाडीची वायर थेट मागच्या गाडीच्या टेल लाइटला जोडतात. तसे करू नये. करंट उलटा त्या गाडीच्या वायरिंगमध्ये शिरतो, नको ते दिवे लागतात, फ्यूज उडतो. नेहमी ओढून न्यायची गाडी असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक दिव्याला दोन डायोड बसवून घ्यावेत. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो. ओढणारी गाडी २४ व्होल्टचा ट्रक असेल तर १२ व्होल्टचे दिवे तिला मुळीच जोडू नयेत.

१९८९ च्या रस्तानियमांत दोन गाड्यांमधले अंतर जास्तीत जास्त ५ मीटर, वेग ताशी २४ किलोमीटरपर्यंत, दोरी इतरांना सहज दिसेल अशी आणि मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' ही पाटी, अशा अटी होत्या. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले. तरी ही शिस्त आजही पाळण्याजोगी आहे.

आपण काय करू शकतो?

आयटीआयमधून वायरमन, इलेक्ट्रिशियन झालेली मुले आपल्या वस्त्यांत आहेत. हंगामाआधी अशा दिव्यांच्या पट्ट्या तयार करून ट्रॉलीमालकांना विकणे हा त्यांच्यासाठी चार पैशांचा धंदा आहे. थोडे भांडवल, थोडी हत्यारे आणि स्वच्छ काम, एवढेच त्याला लागते.

उसाच्या गाडीवर जाणाऱ्या भावांनी आणि भगिनींनी मुकादमाला आणि मालकाला स्पष्ट विचारावे, मागचा दिवा लागतो का? उचल घेतली म्हणून जीव गहाण टाकलेला नाही. निघण्याआधी एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. काचेवरची माती ओल्या फडक्याने पुसावी. रिफ्लेक्टर अवश्य लावावेत, पण ते दुसऱ्याच्या उजेडावर चमकतात आणि ब्रेक लागल्याचे सांगत नाहीत. दिव्याची जागा ते घेऊ शकत नाहीत. रस्त्यात ट्रॉली पंक्चर झाली तर ती शक्यतो डांबराखाली घ्यावी, दिवे चालू ठेवावेत आणि मागे बऱ्याच अंतरावर बॅटरी घेऊन माणूस उभा करावा. रस्त्यावर दगड ठेवून ते तिथेच सोडून जाण्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे. त्या दगडांनीही माणसे पडतात.

दुर्दैवाने अपघात झालाच तर जखमीला दवाखान्यात पोचवल्यावर एक गोष्ट विसरू नये. ट्रॉलीला मागचा दिवा व रिफ्लेक्टर होते की नव्हते, याची नोंद पोलिसांच्या पंचनाम्यात करून घ्यावी आणि पंचनाम्याची नक्कल मागावी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाई मागताना ही एक ओळ विधवेच्या आणि लेकरांच्या बाजूने बोलते. ती नसली की सगळा दोष गेलेल्या माणसाच्या माथी मारणे सोपे होते.

आपल्याकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी ट्रॉली सजते, तिला रंगीत दिव्यांच्या माळा लागतात. लग्नसराईतही तसेच. त्या माळा जोडणाऱ्या हातांना दोन लाल दिवे जोडणे अवघड नाही. या आठवड्यात आपल्या वस्तीतली एक ट्रॉली निवडा, तिच्या मागे जाऊन उभे राहा आणि चालवणाऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. दिवा लागला नाही तर त्याच संध्याकाळी वायर हातात घ्या.