शीतजलातील कयाक आणि उष्णतारक्षक पोशाख

कयाक ही अरुंद, बहुधा एकाच माणसाने वल्हवायची नाव. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या थंड किनाऱ्यांवर इन्युइट, युपिक आणि उनांगन लोकांनी ती सागरी शिकारीसाठी घडवली. तिथे नाव उलटली की मृत्यूशीच गाठ असे. म्हणून नावेइतकाच विचार त्यांनी अंगावरच्या वस्त्रांचाही केला.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णतावाहक आहे, त्यामुळे शीतजलात शरीराची ऊब झपाट्याने निघून जाते. हा परिणाम टप्प्याटप्प्याने घडतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी त्याचे ‘१-१०-१’ हे सूत्र रूढ केले. पहिले एक मिनिट शीताघाताचे असते: श्वास अनावर होतो, आणि तोंड पाण्याखाली असल्यास पाणी थेट फुप्फुसांत जाते. पुढची सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडतात, मग बोटे दोरही धरू शकत नाहीत. शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की अल्पतापता सुरू होते. तिच्यामुळे शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. पोशाखाने या तिन्ही टप्प्यांत रक्षण करायला हवे. म्हणूनच तो हवेचे नव्हे, पाण्याचे तापमान पाहून निवडावा.

या पोशाखाचे मूळ रूप ग्रीनलंडच्या ‘तुइलिक’मध्ये दिसते. सीलच्या कातड्याचा हा टोपीयुक्त अंगरखा चेहऱ्याभोवती आणि मनगटांवर आवळून बांधत, तर त्याचा खालचा घेर नावेच्या बैठकीच्या कडेवर घट्ट बसवत. त्यामुळे माणूस आणि नाव मिळून एकच जलरोधक कवच तयार होई. उनांगन स्त्रिया समुद्रसिंहाची आतडी स्वच्छ करून, फुगवून वाळवत आणि त्यांच्या पट्ट्या जोडून हलका अंगरखा शिवत. शिवणीचा कंडरेचा धागा ओला झाला की फुगे आणि टाक्यांची छिद्रे बुजत.

आधुनिक पोशाखाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला आर्द्रवेश, म्हणजेच वेटसूट. बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२च्या सुमारास तो विकसित केला. निओप्रीन या कृत्रिम रबरात कोंडलेले वायूचे सूक्ष्म बुडबुडे ऊब राखतात. आत थोडे पाणी शिरते, पण वेश अंगासरसा बसला असेल तर ते तिथेच थांबते आणि तापते. सैल वेशातून मात्र ते सतत बदलत राहते. वल्हवताना खांदे मोकळे राहावेत म्हणून कयाकसाठी बिनबाह्यांचा आर्द्रवेश अधिक वापरला जातो.

दुसरा शुष्कवेश, म्हणजेच ड्रायसूट. त्याचे कापड जलरोधक असते आणि मान व मनगटांवरील लेटेक्सच्या पट्ट्या पाणी आत येऊ देत नाहीत. अतिशीत पाण्यात हाच योग्य. मात्र तो फक्त कोरडे ठेवतो. ऊब आतल्या थरांनी द्यायची असते. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर आणि त्यावर फ्लीस घालावे. सुती कपडा पाणी धरून ठेवतो व ऊब घालवतो, म्हणून तो वर्ज्य. वेश चढवल्यावर उकिडवे बसून मानेची पट्टी किंचित ओढावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. उन्हाने आणि तेलकट मलमांनी लेटेक्स तडकते, तेव्हा प्रत्येक वापरापूर्वी पट्ट्या तपासाव्यात.

डोक्याला निओप्रीनची टोपी, पायांत त्याच कापडाचे बूट आणि हातांत मोजे हवेत. वल्ह्याच्या दांड्यावरच बसवलेली हातझाकणेही मिळतात. त्यांत तळव्याची पकड उघडी राहते. या सर्वांवर जीवरक्षक जाकीट अनिवार्य आहे, कारण शीताघाताच्या पहिल्या मिनिटात तेच तोंड पाण्याबाहेर ठेवते.

भारतात हा विषय लडाखच्या झंस्कार नदीवर प्रत्यक्ष अनुभवाला येतो. हिमनद्यांचे पाणी वाहणारी ही नदी भर उन्हाळ्यातही गार असते, आणि वरचे प्रखर ऊन पाहून कमी कपडे घालण्याचा मोह होतो. त्यावर उपाय सोपा आहे. प्रवासापूर्वी पूर्ण पोशाखानिशी, सोबत्याच्या देखत, काठालगतच्या उथळ व संथ पाण्यात काही मिनिटे बसून पाहावे. श्वास स्थिर राहिला आणि बोटांनी जाकिटाचे बक्कल सहज उघडता-लावता आले, तरच त्या पोशाखात पुढे जावे.