गूळ, साखर आणि ‘अत्यावश्यक’ शर्करा

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या बाजार समितीत गूळ सौद्याचा मुहूर्त होतो, गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात आणि दवाखान्यांत एक ठरलेला प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागतो. ‘डॉक्टर, साखर सोडली, पण गूळ चालतो ना?’ याच्या जोडीला आता दुसराही प्रश्न आला आहे. शरीराला आठ प्रकारच्या अत्यावश्यक शर्करा लागतात, त्या रोजच्या जेवणातून मिळत नाहीत, म्हणून त्यांची पावडर घ्यावी, असे सांगणाऱ्या जाहिराती मोबाइलवर फिरतात. त्या खऱ्या का?

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. बाहेरून घेतलीच पाहिजे अशी एखादी साखर असते का? सरळ उत्तर असे, की निरोगी माणसासाठी अशी कोणतीही साखर नाही. काही मोजक्या प्रसंगी मात्र साखर खरोखर औषधाचे काम करते. हे दोन्ही नीट समजले, तर मधुमेहाच्या रुग्णाची एक मोठी चूक टळते आणि घरातले पैसेही वाचतात.

‘अत्यावश्यक’ कशाला म्हणायचे?

आहारशास्त्रात ‘अत्यावश्यक’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. जे शरीराला लागते, पण शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही, ते अत्यावश्यक. नऊ अमिनो आम्ले, दोन मेदाम्ले, जीवनसत्त्वे आणि खनिजे या यादीत येतात. क जीवनसत्त्व आपल्याला बनवता येत नाही. ते महिनोन्‌महिने मिळाले नाही, तर हिरड्यांतून रक्त येऊ लागते.

शर्करांचे तसे नाही. आपल्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. असे असूनही संपूर्ण रक्तात एका वेळी असते ते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. हा एक चमचा सांभाळण्याचे काम यकृत करते. जेवणानंतर ते शंभरेक ग्रॅम ग्लुकोज साखळीच्या रूपात साठवून ठेवते आणि रात्रभर थोडे थोडे सोडत राहते. तो साठा संपत आला, की प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि चरबीतील ग्लिसरॉल यांपासून नवे ग्लुकोज बनवते. म्हणूनच निर्जळी एकादशी करणाऱ्या निरोगी माणसाचा मेंदू बंद पडत नाही.

याचा अर्थ भात-भाकरी वाईट असा मुळीच नाही. ज्वारी, तांदूळ, गहू यांतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांब माळ असते. पचनात ती हळूहळू तुटते आणि शरीराला हवे ते ग्लुकोज मिळते. त्यासाठी वेगळी गोड वस्तू खावी लागत नाही.

गुळाचे गणित

कोल्हापूर आणि गूळ यांचे नाते जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराने ती भरभराटीला आली. इथल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात उसाच्या वाणांवर आणि गूळ बनवण्याच्या पद्धतींवर काम चालते. २०१४ मध्ये ‘कोल्हापुरी गूळ’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा या गुळाचा अभिमान बाळगायला काही हरकत नाही. प्रश्न आहे तो त्याला औषध मानण्याचा.

गुऱ्हाळात काय होते ते पाहू. उसाचा रस काहिलीत उकळतो. रानभेंडीच्या चिकट पाण्याने आणि चुन्याने मळी वर आणून काढली जाते. पाणी आटत जाते आणि पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला पोहोचला, की गुळव्या काहील उतरवायला सांगतो. साखर कारखान्यात साखरेचे स्फटिक वेगळे काढून मळी बाजूला होते. गुळात असे काही वेगळे काढले जात नाही. त्यामुळे उसाच्या रसातली थोडी खनिजे गुळात राहतात, आणि साखरही राहते.

शंभर ग्रॅम गुळात साधारण ८५ ग्रॅम शर्कराच असतात. त्यांतला मोठा भाग सुक्रोजचा, म्हणजे साखरेच्या डब्यात असते त्याच पदार्थाचा. उरलेला भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा. दहा ग्रॅमच्या खड्यातून साडेआठ ग्रॅम शर्करा पोटात जाते. रक्तातील साखर वाढवण्यात गूळ साखरेच्या मागे नाही.

मग गुळातल्या लोहाचे काय? ते असते, हे खरे. वेगवेगळ्या मोजण्यांत शंभर ग्रॅम गुळात अडीच ते साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह आढळले आहे. प्रौढ स्त्रीसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. गुळावर लोहाची गरज भागवायची, तर रोज अर्धा किलोपेक्षा जास्त गूळ खावा लागेल. रक्त कमी असलेल्या मुलीला ‘रोज शेंगदाणे-गूळ खा’ एवढ्यावर थांबवणे म्हणूनच धोक्याचे आहे. तिची तपासणी हवी, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या हव्यात, जेवणात पालेभाजी, कडधान्ये आणि वर लिंबू हवे. घरात चालत असेल तर मांस-मासेही हवेत.

रंगावरूनही फसगत होते. पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला, असे अनेक ग्राहक मानतात. रंग उजळ यावा म्हणून काही ठिकाणी ‘हायड्रोज’ नावाची पावडर वापरली जाते. उलट काळसर, रसायनविरहित गूळ घेतला म्हणून त्यातली शर्करा कमी होत नाही. रसायन टाळणे हा एक मुद्दा, साखर कमी करणे हा दुसरा. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की अन्नात वरून घातलेल्या शर्करा, मध, पाक आणि फळांचा रस यांतून दिवसाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी. पाच टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगले. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. गूळ या हिशेबातून सुटत नाही. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे गुळाची पावडर घेतली, तर ही मर्यादा चहातच ओलांडली जाते. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ‘गूळ नैसर्गिक आहे’ हा दिलासा या लोकांना महाग पडू शकतो.

आठ शर्करांची यादी आली कुठून?

आता पावडरीकडे वळू. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, झायलोज, एन-ॲसिटिल ग्लुकोसामिन, एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामिन आणि सायलिक आम्ल ही ती आठ नावे. ती खोटी नाहीत. आपल्या पेशींवरच्या अनेक प्रथिनांना शर्करांच्या छोट्या साखळ्या जोडलेल्या असतात. पेशींनी एकमेकींना ओळखणे, जंतूंशी लढणे, गर्भाची वाढ अशा अनेक कामांत त्यांचा वाटा असतो. ‘हार्पर’ या जीवरसायनशास्त्राच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात मानवी प्रथिनांवर प्रामुख्याने सापडणाऱ्या आठ शर्करांची यादी होती. ‘शरीरात सापडतात’ याचे ‘खाव्याच लागतात’ असे रूपांतर केले ते विक्रेत्यांनी.

प्रत्यक्षात या शर्करा ग्लुकोजपासून पेशीत तयार करून घेण्याची सोय शरीरात आहे. भाकरीतले ग्लुकोज पेशीत गेले, की वेगवेगळी विकरे त्याचे मॅनोज करतात, मॅनोजचे फ्यूकोज करतात. दुधातल्या लॅक्टोजमधून गॅलॅक्टोज थेटही मिळते. या विषयातले दोन नामवंत संशोधक, रोनाल्ड श्नार आणि हडसन फ्रीझ, यांनी २००८ मध्ये ‘ग्लायकोबायोलॉजी’ या नियतकालिकात अशा उत्पादनांच्या दाव्यांवर कडक टीका केली. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याने अशा पावडरी विकणाऱ्या मॅनाटेक या कंपनीवर आजार बरे करण्याच्या दाव्यांवरून खटला भरला होता. २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला आणि कंपनीला ग्राहकांसाठी ४० लाख डॉलर द्यावे लागले.

बॉम्बे रक्तगट काय सांगतो?

शरीरातल्या शर्करा ताटावर ठरत नाहीत, याचा सुंदर पुरावा महाराष्ट्रातच सापडला. आपला रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींवरच्या शर्करांच्या साखळीचे शेवटचे टोक. साखळीला फ्यूकोज जोडले गेले, की ‘एच’ नावाची खूण तयार होते. तिच्यावर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामिन चढले तर ए गट, गॅलॅक्टोज चढले तर बी गट, दोन्ही चढले तर एबी आणि काहीच चढले नाही तर ओ.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदवले, ज्यात ही ‘एच’ खूणच नव्हती. तोच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला गेला. साध्या तपासणीत हे रक्त ओ गटाचे वाटते, पण या माणसांना ओ गटाचे रक्त चढवले तर जिवावर बेतते. त्यांना बॉम्बे गटाचाच दाता शोधावा लागतो.

या माणसांच्या शरीरात फ्यूकोज असते. नसते ते तांबड्या पेशींवर फ्यूकोज जोडणारे विकर, कारण त्याचे जनुक काम करत नाही. अशा माणसाने फ्यूकोजने भरलेले समुद्री शेवाळ पोतेभर खाल्ले, तरी त्याचा रक्तगट बदलणार नाही. कोणती शर्करा कुठे जोडायची हे जनुके ठरवतात, पावडरीचा डबा नाही.

साखर औषध ठरते तेव्हा

काही दुर्मीळ जन्मजात आजारांत चित्र वेगळे असते. मॅनोज बनवणाऱ्या एका विकराचा अभाव असलेल्या मुलांना उलट्या, जुलाब, यकृताचा त्रास आणि रक्तस्राव होतो. त्यांना तोंडाने मॅनोज दिल्यास गुण येतो, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. याउलट गॅलॅक्टोसेमिया असलेल्या बाळाला दुधातले गॅलॅक्टोज पेलत नाही आणि आईचे दूधही बंद करावे लागते. हे निदान तज्ज्ञांचे आहे, दुकानदाराचे नाही.

रोजच्या आयुष्यातले दोन प्रसंग मात्र प्रत्येक घराला ठाऊक हवेत. मधुमेहाच्या औषधाने रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, तर रुग्ण शुद्धीवर असताना तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल, तर साखर-गूळ फुटायला वेळ लागतो. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे.

दुसरा प्रसंग जुलाबांचा. पंचगंगेचा पूर ओसरला, की दूषित पाण्याने पोट बिघडण्याची भीती असते. आतड्यात ग्लुकोज आणि मीठ जोडीने शोषले जातात आणि पाण्यालाही सोबत ओढून घेतात. याच तत्त्वावर १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. ओआरएसचे पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे पुरते. साखर वाढवली तर जुलाब वाढतात, म्हणून माप पाळावे.

मग ताटात काय हवे?

भाकरी, उसळ, भाजी, वाटीभर दही, एखादे अख्खे फळ. आठही शर्करांची सोय यातून होते. फळाचा रस काढण्यापेक्षा ते चावून खावे, म्हणजे चोथ्यामुळे शर्करा सावकाश रक्तात येते. मेथीदाणे आणि गवारीच्या बियांतही मॅनोज-गॅलॅक्टोजच्या साखळ्या असतात. आपल्याला त्या पचत नाहीत, पण चिकट तंतू म्हणून जेवणातल्या साखरेचा वेग कमी करायला त्या मदत करतात.

संक्रांतीची गुळाची पोळी, पाहुण्याला दिलेला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, हे सोडायचे कारण नाही. मधुमेह असेल, तर गुळाचा प्रत्येक खडा साखरेच्याच हिशेबात धरावा आणि किती खायचा ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. गूळ चवीसाठी खावा. लोहासाठी पालेभाजी-कडधान्यांकडे आणि गरज पडली तर गोळीकडे वळावे.