खळीतून वाचलेली चित्रं

शिवाजी महाराजांचं जे चित्र महाराष्ट्र शासनानं १९७०च्या सुमारास अधिकृत म्हणून मान्य केलं, ते काढणारे जी. कांबळे यांचं बरंचसं आयुष्य सिनेमाची पोस्टरं आणि बॅनर रंगवण्यात गेलं. कोल्हापुरात १९१८ साली जन्मलेला हा माणूस. १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’ची पोस्टरं त्यांची. सिनेमाचे दिग्दर्शक के. आसिफ यांनी त्यांना व्ही. शांतारामांच्या राजकमल स्टुडिओतून आपल्याकडे ओढलं आणि या कामासाठी विन्सर अँड न्यूटनचे विलायती रंग मिळतील तेवढे उचलले, अशी हकिकत अजून सांगितली जाते. मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरवर लोक मान वर करून जे बघत उभे राहायचे, ते याच हाताचं काम. ज्या हातानं अनारकलीचा चेहरा रंगवला, त्याच हातानं काढलेल्या महाराजांच्या चित्राला घरातली माणसं रोज हात जोडतात. या गोष्टीचा जितका विचार करावा तितकं नवल वाटत जातं.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्याच जयसिंगपुरात या. राजर्षी शाहू महाराजांनी आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं १९१७ साली हे गाव वसवलं. म्हणजे गाव कांबळ्यांपेक्षा जेमतेम वर्षानं मोठं. आखून काढलेलं गाव, काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. इथल्या कुठल्याही जुन्या घराच्या सोप्यात भिंतीकडे नीट बघा. नरसोबाच्या वाडीहून आणलेला दत्ताचा फोटो, जैन घरात बाहुबली, खाली कुठल्यातरी दुकानाचं कॅलेंडर. आपण याला कधी संग्रह म्हटलं नाही. पण न्यूयॉर्कमध्ये पॉप आर्ट म्हणून ज्याचा गाजावाजा झाला त्याचा पाया हाच होता: बाजारातलं, छापलेलं, सगळ्यांच्या ओळखीचं चित्र. अँडी वॉरहॉलनं १९६२ साली मेरिलिन मन्रोचा सिनेमाच्या जाहिरातीतला फोटो उचलला आणि रेशमी जाळीतून पुन्हा पुन्हा छापला. जेम्स रोझनक्विस्ट तर पॉप चित्रकार होण्याआधी टाइम्स स्क्वेअरवरचे अवाढव्य जाहिरातफलक रंगवत होता. आणि आपल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईच्या फुटपाथवर सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते. पुढे त्यांच्या सह्या असलेल्या, नंबर घातलेल्या सेरिग्राफ, म्हणजे अशाच जाळीतून छापलेल्या, प्रती लोकांनी दिवाणखान्यात लावल्या.

कोल्हापूरचा या बाबतीतला वारसा आणखी जुना. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले आणि ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव झालं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवली. ‘कल्याण खजिना’चं १९२४चं पोस्टर भारतात आज उरलेल्या सगळ्यात जुन्या सचित्र सिनेपोस्टरांत धरलं जातं.

‘उरलेल्या’ म्हणण्याचं कारण आहे. पोस्टर छापायचं ते चिकटवायलाच. खळीची बादली, मोठा ब्रश, आणि शुक्रवारी नवा सिनेमा लागला की जुन्याच्या तोंडावर नवं. पावसाळ्यात तो सगळा थर लगदा होऊन खाली यायचा. म्हणजे जे पोस्टर कामाला आलं ते गेलं. वाचलं ते वितरकाच्या गोदामात घडी घालून पडून राहिलेलं, भिंत कधी न पाहिलेलं. हजारोंनी छापलेली वस्तू आज हाताच्या बोटांवर मोजावी लागते ती अशी. कॅलेंडराचं तर विचारूच नका, एक जानेवारीला जुन्याची रद्दी. नंबर घातलेल्या प्रतीची दुर्मीळता आधी ठरवलेली असते: चित्राखाली पेन्सिलीनं २५/१०० लिहिलं की ती शंभरातली पंचविसावी प्रत. (पंचविसावी पहिलीपेक्षा कमी चांगली असते असं मुळीच नाही.) पोस्टराची दुर्मीळता पावसानं आणि खळीनं ठरवली. मला ही दुसरीच जास्त भावते.

आता हातात एक भिंग घ्या. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी वापरतात तसलं चालेल. घरातल्या अलीकडच्या दत्ताच्या फोटोवर, गालापाशी, ते टेकवा. कातडीचा रंग नाहीसा होतो. निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके दिसतात, आणि ते छोट्या छोट्या फुलांसारखे गोलात बसलेले असतात. ही ऑफसेटची छपाई. चार जाळ्या वेगवेगळ्या कोनांत एकमेकींवर पडल्या की ही फुलं आपोआप उमटतात; ती कुणी काढलेली नसतात.

आणि एखाद्या आजीच्या ट्रंकेतून निघालेल्या, शंभरेक वर्षांपूर्वीच्या तसबिरीवर तेच भिंग टेकवा. इथे ठिपके आहेत, पण एकही दुसऱ्यासारखा नाही. कुठे दाट, कुठे विरळ, डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक, पदराच्या घडीत जाड. प्रत्येक ठिपका माणसानं हातानं दिलेला आहे, तोही दगडावर आणि उलटा. ही शिळाछपाई. जर्मनीतल्या झोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट काडीनं रेखाटन. मग दगड ओला करायचा. पाणी तेलकट रेघांवर थांबत नाही, आणि तेलकट शाई ओल्या जागेवर बसत नाही. एवढ्या साध्या भांडणावर अख्खी छपाई उभी आहे. अलोइस सेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या अखेरीस हे शोधलं. एका रंगाला एक दगड. देवाच्या एका चित्राला दहा-बारा दगड सहज लागत. मूळ तैलचित्रातल्या गालाच्या लालीत पिवळं किती, निळं किती, हे कारागीर नुसत्या नजरेनं ठरवून वेगवेगळ्या दगडांवर वाटून टाकत असे. एखादा दगड केसभर सरकला की ओठांचा लाल रंग ओठांबाहेर येई. जुन्या प्रतींत तो तसा सापडतो, आणि तो बघताना छापखान्यातला तो दिवस समोर उभा राहतो.

पुण्यात चित्रशाळा हा असाच छापखाना १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं उभा राहिला. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना घातला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. १९७२च्या आगीत तिथलं बरंच काही जळालं. तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वती मात्र गावोगाव पोचली होती. बायकांनी त्यांच्यावर जर, टिकल्या, मोती शिवले. छापील प्रत तिथे एकुलती एक झाली.

नक्कल ओळखायलाही हेच भिंग. जुनी तसबीर स्कॅन करून नव्यानं छापली असेल तर हातानं दिलेल्या वेड्यावाकड्या ठिपक्यांच्या पोटात यंत्राचे बारीक, शिस्तशीर ठिपके दिसतात. सेरिग्राफमध्ये ठिपके बहुधा नसतातच. तिथे शाईचा थर कागदावर चढून बसलेला असतो आणि तिरप्या उजेडात त्याची कड दिसते.

जमवायचं तर आपल्याच भागातून सुरुवात करावी. मुंबईच्या लिलावातला रविवर्मा परवडणार नाही, पण चित्रकार मुळगावकरांच्या चित्राचं मुखपृष्ठ असलेला दिवाळी अंक, चित्रकार दलालांचा ‘दीपावली’ अंक, बंद पडलेल्या टॉकीजचं पोस्टर रद्दीवाल्याकडे अजून निघू शकतं. जयसिंगपूर ज्यात येतं त्या शिरोळ तालुक्यात २००५ आणि २०१९च्या महापुरात पाणी घराघरांत शिरलं आणि भिंतीवरच्या चित्रांचा लगदा झाला. जे उरलंय ते उंचावर, उन्हापासून दूर, पंचगंगा-कृष्णेची ओल लागणार नाही असं ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको. ते पुन्हा निघत नाही आणि कागदाला आत कोंडतं. चौकटीच्या मागच्या प्लायवूडचे तपकिरी डाग चित्रावर उतरतात, मध्ये आम्लमुक्त पुठ्ठा घालायला सांगा.

आणि फ्रेमवाल्याला आधीच बजावा, चित्र काचेच्या मापात बसवायला कडा कापायच्या नाहीत. छापखान्याचं नाव, गाव, कधी साल, असतं ते तळच्या बोटभर पट्टीत. पोस्टर असेल तर कोपऱ्यात कधी चित्रकाराची इवलीशी सही असते. या पेंटरांपैकी कितीतरी जणांवर कुठे दोन ओळी छापून आलेल्या नाहीत. त्यांचं नाव म्हणून जे काही आहे ते तेवढ्या कोपऱ्यात आहे.