कीर्तनाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात हरिनाम सप्ताह बसला, की कीर्तनकारांचा आवाज, पखवाज आणि टाळ एकाच साउंड सिस्टीममधून निघतात. आवाज दूरवर जातो, पण मागे बसलेल्यांना शब्द कळतातच असं नाही.

इथे आवाजाची फ्रिक्वेन्सीनुसार विभागणी करणारा क्रॉसओव्हर कामाला येतो. समजा, तो १२०० हर्ट्झला लावला. त्याखालचा आवाज १५ इंची स्पीकरकडे जातो, वरचा हॉर्नकडे. १९७६ साली झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी मांडलेली लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर रचना आजही डिजिटल प्रोसेसरमध्ये सर्रास सापडते. तिच्या २४ डेसिबलच्या प्रकारात दोन्ही बाजू त्या बिंदूवर ६ डेसिबलने उतरतात आणि एकत्र येऊन पातळी सपाट ठेवतात. फार सुंदर हिशेब आहे हा! मात्र दोन्ही आवाज एकाच वेळी पोहोचायला हवेत. १२०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण २९ सेंटिमीटर. हॉर्न १४ सेंटिमीटर मागे राहिला, तरी दोघे एकमेकांना मारतात. मग पुढच्या स्पीकरला सुमारे ०.४ मिलिसेकंदांचा डिले द्यावा.

इक्वलायझरला हात त्यानंतरच. माइकला १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट लावावा, शिट्टी मारणारी फ्रिक्वेन्सी शोधून तेवढीच अरुंद पट्टी खाली आणावी. २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा जपावा. व्यंजनांची स्पष्टता बरीचशी तिथेच असते.