बहिष्कृतांस परत घ्यावें काय?

मनुष्यास समाजाबाहेर घालविणें सोपें असतें. त्यास परत कोणत्या अटींवर घ्यावयाचें, हें ठरवितांना मात्र त्या समाजाच्या न्यायबुद्धीची कसोटी लागते. अशी कसोटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत लागली होती.

ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानासाठीं शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. व्याख्यानानंतर चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावला. मागाहून गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांतून प्रसिद्ध केलीं आणि एकच गहजब उडाला. त्या नांवांत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलें व त्यांनीं चौकशीसाठीं शास्त्र्यांचें कमिशन नेमलें.

आज हा अपराध हास्यास्पद वाटेल; परंतु ग्रामण्याची शिक्षा हास्यास्पद नव्हती. बहिष्कृताच्या घरीं पुरोहित पाऊल टाकीत नसे, पंक्तीस कोणी बसत नसे, मुलामुलींचे विवाह अडत. चहा एकानें घ्यावा आणि शासन घरांतील निरपराध माणसांनीं भोगावें, असा तो प्रकार होता.

परतीचा मार्ग एकच होता, तो म्हणजे प्रायश्चित्त. टिळकांनीं आपण तें काशीस घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं प्रथम नकार दिला. पुढें १८९२ सालीं मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून तें घेतलें. त्यावर सुधारकांनींच त्यांस दोष दिला.

प्रायश्चित्ताच्या रूढींत एक गुण निश्चित होता. विधि ठरलेला असे व तो झाला कीं दोष संपला, असें मानण्याची सोय त्यांत होती. दार कायमचें बंद नव्हतें. परंतु ज्या कृत्यानें कोणाचेंही नुकसान झालें नाहीं, त्याबद्दल घेतलेलें प्रायश्चित्त मन पालटीत नाहीं. तें केवळ मान तुकवितें. रानडे परत आले. चहा घेण्यांत पाप आहे, हें त्यांस पटलें म्हणून मात्र नव्हे.

रानडे-टिळकांस निदान नांव होतें, वर्तमानपत्रें होतीं. जातपंचायतीनें वाळीत टाकलेल्या गरीब कुटुंबास यांतलें कांहींच नसतें. तेथें परतीची अट म्हणून दंडाची रक्कम मागितली जाते; फिर्यादी, न्यायाधीश व दंड घेणारे एकच असतात. म्हणूनच महाराष्ट्र विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला व २०१७ सालीं तो अमलांत आला. त्यान्वये बहिष्कार घालणारासच तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. वाळीत टाकलेल्यानें क्षमा मागावयाची, हा क्रमच कायद्यानें उलटा केला.

मग कोणत्याही मंडळानें कोणासही दूर करूं नये काय? तसें नव्हे. संस्थेचा पैसा खाणारास किंवा सभासदांस त्रास देणारास दूर ठेवणें रास्तच आहे. मात्र अपराध कोणता, तें त्यास सांगावें. त्याचें म्हणणें तटस्थ माणसांनीं ऐकावें. बंदीस मुदत असावी. आणि झालेलें नुकसान भरून निघेल अशीच परतीची अट असावी. ती अट पुरी झाली, तर त्यास खुशाल परत घ्यावें. आणि एकदां पंक्तीस बसविल्यावर प्रत्येक घांसास जुन्या अपराधाची आठवण देऊं नये. तसें केल्यास बहिष्कार उठला असें म्हणतां येणार नाहीं.